टाकी तीच, तोट्या सात

यूएसबी हब आणला, म्हणजे संगणकाच्या एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी. सात पोर्ट. खोक्यावर ठसठशीत छापलंय, शेजारी वीज कडाडल्याचं चित्र, खाली ‘हाय पॉवर’. आणि आतून निघाला काय, तर ५ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर! हजार मिलिअँपिअरला सातानं भागा. वाट्याला आले १४२, तेही हबनं स्वतःच्या पोटाला काही घेतलं नाही असं धरून. एवढ्यात कीबोर्ड चालेल, माउस चालेल, पेनड्राइव्ह मनात आलं तर चालेल. अडीच इंची हार्डडिस्कला नुसती चकती फिरवायला सुरुवात करतानाच ७०० ते ९०० लागतात, काहींना त्याहून जास्त. मग ती टक्... टक्... टक् करत बसते, आणि वर ऐकून घ्या, “तुमची डिस्कच गेली असेल.”

पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या, तपकीर गल्लीतल्या त्या काउंटरवरचा संवाद फ्रेम करून लावण्यासारखा आहे. किती अँपिअर देतो हा? “फुल्ल.” व्होल्ट, अँपिअर, वॅट आणि आता फुल्ल! खोक्यावर आकडा कुठंय? “आकडे कोण बघतं साहेब, गिऱ्हाईक पोर्ट मोजतं.” डोक्यात तिडीक जाते ती यामुळे, की माणूस खरं बोलतोय. गिऱ्हाईक खरंच पोर्ट मोजतं. चारवाल्यापेक्षा सातवाला भारी, सातवाल्यापेक्षा दहावाला भारी. अहो, हब तोट्या वाढवतो, पाणी वाढवत नाही! सोसायटीची टाकी तीच ठेवून प्रत्येक बाथरूममध्ये दोन-दोन नळ काढले म्हणून दुपारी पाणी येतं का? हे पुण्यात समजावून सांगावं लागतं याचंच आश्चर्य.

संगणकाचा यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. टाकी एवढीच. बिनाअडॅप्टरचा यूएसबी २ हब त्या ५०० मधले १०० स्वतःला ठेवतो आणि चार पोर्टांना शंभर-शंभर वाटतो. नियमात बसणारा असा हब चार पोर्टांचाच का असतो, याचं उत्तर त्या भागाकारातच आहे. त्यावर वेबकॅम, डिस्क, टेबलावरचा टिचभर पंखा आणि पाहुण्यांचा “जरा चार्जिंगला लावू का” मोबाइल एकदम लावला, की विंडोज ‘पॉवर सर्ज’चा बोर्ड झळकवतं आणि घरात धावपळ सुरू होते. भिंतीतून काही उसळलेलं नसतं हो! कुणीतरी पोर्टाकडून झेपेल त्याहून जास्त ओढलंय, एवढाच त्याचा अर्थ.

आणि तो निळा रंग! निळं प्लास्टिक म्हणजे यूएसबी ३, असं लोक धरून चालतात, हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा. खऱ्या ३ च्या पोर्टात नऊ पट्ट्या असतात, जुन्या चार आणि जादा पाच. या हबात सात पोर्ट निळेशार आणि आत चारच पट्ट्या. झाकण काढल्यावर तर हसावं की रडावं कळेना. चार पोर्टांच्या दोन चिपा, पहिलीच्या एका पोर्टात दुसरी खोचलेली. चार वजा एक अधिक चार, झाले सात. त्यात वाईट काही नाही, बरेच सातवाले असेच असतात. पण अडॅप्टरची ५ व्होल्टची तार थेट संगणकाकडे जाणाऱ्या तारेला डाग मारून जोडलेली. मध्ये ना एकाच दिशेनं करंट सोडणारा डायोड, ना फ्यूज, ना करंट रोखणारी चिप. म्हणजे संगणक बंद करा, त्याचं भिंतीवरचं बटण बंद करा, तरी हा उलटा करंट आत सोडतोच. मदरबोर्डला लावलेल्या कीबोर्डचा दिवा भुतासारखा मंद तेवत राहतो. मशीन कधी नीट सुरू होत नाही, कधी पोर्टच बसतो.

तपासणं पाच मिनिटांचं काम. हबला अडॅप्टर लावा, संगणकाकडची पिन मोकळी ठेवा, व्होल्ट मोजणारा मल्टीमीटर डीसीवर आणि त्या पिनेच्या बाहेरच्या दोन पट्ट्यांवर त्याच्या टोकदार काड्या. काड्या एकमेकींना लागू देऊ नका. शून्याच्या आसपास आलं तर ठीक, ५ आलं तर हब बदला. त्या ५ व्होल्टच्या पट्टीवर चिकटपट्टी लावायचा जुगाड सगळीकडे चालत नाही. काही हब तीच तार बघून संगणक जोडलाय की नाही ठरवतात.

गुरुवारचं तर बोलायलाच नको. देखभालीसाठी वीज जाते, लॅपटॉप बॅटरीवर ऐटीत चालू राहतो, हबचा अडॅप्टर मात्र मरतो. हब लगेच लॅपटॉपच्या जिवावर येतो आणि सगळी वरात एका पोर्टाच्या ९०० वर तुटून पडते. डिस्क लिहिता लिहिता सुटते, आणि एक्सफॅट या फायली मांडायच्या पद्धतीत जर्नल, म्हणजे लिखाणाची नोंदवही, नसल्यानं फायलींचा चिवडा. हबचा अडॅप्टर यूपीएसवर लावायला काय जातं? यूपीएसवर मॉनिटर, राउटर, देवघरातली लाइटची माळसुद्धा असते. हब नसतो.

वायरींबद्दल तर वेगळा शिमगा करावा लागेल. २८ गेजची केसासारखी तार, १ मीटर लांब, १ अँपिअर ओढला की जाऊन-येऊन ०.४ व्होल्ट वाटेतच गडप. २४ गेजच्या जाड तारेत तेच ०.१७. पण गेज छापणार कोण? आणि ज्यांत डेटाच्या तारा नसतात त्या निव्वळ चार्जिंगच्या वायरी दिसायला हुबेहूब तशाच. आता हे सगळं ज्ञान पाजळणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये तशा अकरा वायरी आहेत, एकीवरही खूण नाही, आणि दर वेळी हाताला नेमकी तीच येते. असो.

हब घ्यायचाच तर लावायच्या वस्तूंची बेरीज करा, वर पाव भाग जादा धरा. दोन डिस्क आणि वेबकॅम असेल तर ५ व्होल्ट ४ अँपिअर, किंवा १२ व्होल्ट ३ अँपिअरवाला, जो आत ५ करून घेतो. अडॅप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. डिस्क टॉवरच्या मागच्या पोर्टात लावा. पुढचे पोर्ट कॅबिनेटमधल्या बारीक वायरीनं आलेले असतात. मोबाइल भिंतीवरच्या चार्जरला, पंखाही तिथेच. यूएसबी मीटर मध्ये लावून बघा, लोडवर आकडा ४.७५ व्होल्टच्या खाली गेला तर आधी वायर बदला, मग अडॅप्टर. दोन तोंडांची वायर लावून दोन पोर्टांतून करंट ओढायचा उपाय सुचवणाऱ्याला नियमात तसली वायरच नाही हे सांगा, आणि वाद घालू नका.

हा हब परत द्यायचा तर बिल बघितलं. खोक्यावर अँपिअरचा एक आकडा छापायला जागा नव्हती. बिलाखाली मात्र, ठळक टायपात, दोनदा: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.