नियमपुस्तक विकत कशाला घ्यायचे?

संघटित रोल-प्लेइंग खेळांच्या (म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन, सगळीकडे सारख्याच नियमांनी खेळायच्या खेळांच्या) टेबलावर आपण नव्याने बसणार असाल, तर प्रथम आपले अभिनंदन, आणि लगोलग पहिला सल्ला: नियमपुस्तक मुळीच आणू नका. टेबलाभोवतीच्या पाचसहा खेळाडूंपैकी एखाद्याने ते आणलेले असतेच, आणि ते त्याने आपल्यासाठीच आणले आहे असे मनाशी पक्के धरून चालावे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच एका खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे 2014 सालचे खेळाडूंचे पुस्तक पुठ्ठा बांधणीचे आणि 320 पानांचे आहे. एवढे ओझे वाहणाऱ्याला खांदेदुखीची हौस असणार. आपण मध्ये का पडावे?

फासेही मागूनच घ्यावेत. पेनही.

नियमांना घाबरू नये. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या एका खेळाच्या, 2008 साली सुरू झालेल्या पाथफाइंडर सोसायटी या संघटित उपक्रमात एके काळी दंडक असा होता की, मूळ पुस्तकाबाहेरची एखादी करामत आपल्या पात्राला द्यायची असेल, तर ती ज्या पुस्तकात आहे ते खेळाडूच्या मालकीचे असले पाहिजे आणि टेबलावर दाखवताही आले पाहिजे. एका घरात राहणाऱ्यांना मात्र एकच प्रत वाटून घेण्याची मुभा होती. या मुभेचा अर्थ उदारपणे लावावा. एकाच टेबलाला कोपरे टेकून चार तास बसलेली माणसे म्हणजे एक कुटुंबच की! मित्राच्या पीडीएफवर पानोपानी खरेदीदार म्हणून त्याचे नाव उमटलेले असेल, तर नेमक्या त्या जागी अंगठा ठेवावा.

पुस्तक मागताना “दोनच मिनिटे” असे म्हणावे. हे शब्द फार गुणकारी आहेत, कारण ते ऐकून समोरच्याला नाही म्हणता येत नाही आणि नंतर घड्याळ कोणीच पाहत नाही. गेल्या रविवारी माझ्या शेजारी बसलेल्या, जादूगाराचे पात्र खेळणाऱ्या गड्याने माझे पुस्तक असेच दोन मिनिटांसाठी घेतले. आपल्या पात्राला कोणते मंत्र येतात हे त्याने घरून लिहून आणले नव्हते. त्यामुळे प्रत्येक पाळीला तो मंत्रांचे प्रकरण नव्याने, पहिल्या पानापासून चाळत असे आणि आम्ही बाकीचे त्याच्या बोटाकडे पाहत बसत असू. अखेरीस त्याला अग्निगोल सापडला. पान 241. त्यात वीस फूट ही त्रिज्या आहे, हे पुस्तक ज्याच्या हातात होते त्या एकट्यालाच दिसले नाही. वीस फूट हा व्यास आहे असे त्याने गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, ठणकावून सांगितले, मग दहा मिनिटे वाद झाला, आणि वाद संपला तेव्हा तो स्वतःच आगीत उभा असल्याचे निष्पन्न झाले. माझे पात्र जखमा बरे करणारे. मला माझा मंत्र एकदा तपासून पाहायचा होता, पण पुस्तक त्याच्या कोपराखाली उघडे, पालथे, मणका ताणलेल्या अवस्थेत पडले होते, आणि वर त्याचे (म्हणजे माझे) फासे रचून ठेवलेले होते. “एक मिनिट, माझे बघून होऊ दे,” असे त्याने मलाच सांगितले! घरी येऊन पाहतो तो अग्निगोलाच्या वर्णनाशेजारी, समासात, बॉलपेनने वजाबाकी मांडलेली: चौतीस वजा पंचवीस. उत्तर अकरा.

आता सल्ले पुरे. नवख्या माणसाला पुस्तक द्यायला माझी कधीच ना नव्हती. पहिले काही खेळ मीही दुसऱ्यांच्याच पुस्तकांवर काढले आहेत. ज्याला परवडत नाही त्याने विकत घ्यावे, असेही कोणी म्हणत नाही. पाचव्या आवृत्तीचे प्राथमिक नियम 2014 पासून अधिकृतपणे फुकट मिळतात आणि त्यांत जादूगारही आहे. त्या नियमांचा मोठा गाभा जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना खुला झाला आहे. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियमही संकेतस्थळावर एक पैसा न देता वाचता येतात. तेव्हा, जादूगारमहाशय, तुम्ही पैशांचे नाव पुढे करू नका. तुम्हाला वाचायचा कंटाळा आहे, आणि त्या कंटाळ्याची किंमत टेबलावरच्या बाकीच्या पाच जणांनी आपापल्या पाळीतून मोजावी अशी तुमची अपेक्षा आहे. दोन वर्षे खेळता आहात, स्वतःचे सहा-सात मंत्र एका कागदावर उतरवून आणायला किती वेळ लागतो हो? अर्धा तास? तेवढेही होत नसेल, तर उसने घेतलेले पुस्तक निदान सरळ ठेवा, काम झाले की मिटून परत द्या, आणि त्यावर पेन चालवू नका. आणि चालवलेच, तर चौतीसातून पंचवीस गेले की नऊ उरतात.