‘गांजा मोकळा करा’ म्हणणारे सगळे डावेच?

अमेरिकेतल्या गांजाबद्दलचा एक मराठी मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून डोकं वर काढतो. मला तो तीन गटांवर आला, त्यातला एक शाळेतल्या मित्रांचा. मजकुराचं सार असं: ‘गांजा कायदेशीर करण्याचं खूळ अमेरिकेत हिप्पींनी आणि डाव्यांनी आणलं. कायदेशीर करा म्हणणं म्हणजे ओढा म्हणणं. खरा उजवा माणूस त्याच्या बाजूने उभा राहूच शकत नाही. आणि जे दोन-चार उजवे तिकडे दिसतात ते गांजा कंपन्यांनी विकत घेतलेले.’

मी गांजा ओढत नाही, कुणी ओढावा असंही मला वाटत नाही. पण या चार विधानांतली पहिली तीन चूक आहेत आणि चौथं अर्धंच खरं.

खूळ डाव्यांनी आणलं, म्हणे. १९७२ साल बघा. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळात गांजाविषयी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते रेमंड शेफर, पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर आणि पक्के रिपब्लिकन, म्हणजे उजव्या पक्षाचे. स्वतःपुरता थोडा गांजा जवळ बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं थांबवा, असं त्या आयोगाने सांगितलं. निक्सननी अहवाल गुंडाळून ठेवला. त्याच वर्षी मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी ‘न्यूजवीक’ साप्ताहिकातल्या सदरात अमली पदार्थांवरच्या बंदीलाच विरोध केला. सज्ञान माणसाला बळजबरीने सुधारण्याचा हक्क आपल्याला आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि हक्क असला तरी बंदीने नुकसान वाढतंच, हा दुसरा मुद्दा. दारूबंदीचा अमेरिकन अनुभव (१९२० ते १९३३) त्यांच्या डोळ्यांपुढे होता. वर्ष संपता संपता ‘नॅशनल रिव्ह्यू’ने गांजाबद्दल आपली भूमिका बदला असं परंपरावाद्यांना बजावणारा लेख मुखपृष्ठावर घेतला. हे नियतकालिक म्हणजे अमेरिकन उजव्यांचं घरचं व्यासपीठ, आणि संस्थापक विल्यम बकली यांनी त्या लेखाची बाजू घेतली. (बकलींनी स्वतः गांजा चाखला तो आपल्या बोटीवर, अमेरिकेच्या सागरी हद्दीबाहेर जाऊन. कायदा मोडायचा नाही म्हणून! याहून परंपरावादी गंजेटी सापडणं कठीण.) उलट गांजावरचा पहिला मोठा केंद्रीय कायदा १९३७ चा, आणि त्यावर सही डेमोक्रॅट, म्हणजे डावीकडे झुकणाऱ्या पक्षाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची. तेव्हा बंदीचं श्रेय-अपश्रेय एकाच पक्षाच्या खात्यावर टाकता येत नाही.

‘कायदेशीर करा म्हणणं म्हणजे ओढा म्हणणं’ हे विधान सगळ्यात जास्त पसरतं आणि सगळ्यात कच्चं आहे. त्यासाठी २००५ चा एक खटला पुरे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्ये औषधासाठी गांजाला परवानगी दिली होती, पण केंद्राची बंदी कायम होती. तिथल्या एका आजारी बाईने घरी सहा रोपं लावली होती, ती केंद्राच्या अधिकाऱ्यांनी येऊन नष्ट केली. प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला: जे विकलं नाही, विकत घेतलं नाही, राज्याची सीमाही ओलांडली नाही, ते ‘आंतरराज्य व्यापार’ (राज्याराज्यांमधला व्यापार, ज्यावर केंद्राला कायदे करता येतात) म्हणून केंद्राच्या ताब्यात येतं का? सहा विरुद्ध तीन अशा मतांनी न्यायालय म्हणालं, येतं. आता बाजू बघा. न्यायालयातले चारही उदारमतवादी न्यायमूर्ती केंद्राच्या बाजूने, आणि त्यांच्या जोडीला उजव्यांचे लाडके स्कालिया. विरोधातले तिघे रेनक्विस्ट, ओ’कॉनर आणि थॉमस. तिघेही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. थॉमस यांचं म्हणणं, केंद्र यात हात घालू शकत असेल तर ते जवळपास कशातही हात घालू शकेल. ओ’कॉनर तर स्पष्ट लिहून गेल्या की मी कॅलिफोर्नियाची नागरिक असते तर या प्रस्तावाला मत दिलं नसतं. तरी कौल त्यांनी रोपांच्या बाजूने दिला, कारण ते ठरवण्याचा अधिकार कॅलिफोर्नियाचा होता. गांजा आवडत नाही आणि तरी केंद्राने त्यात पडू नये, या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी म्हणता येतात. मजकूर लिहिणाऱ्याच्या हे ध्यानातच आलेलं नाही.

लिबर्टेरियन मंडळी याच्या एक पाऊल पुढे जातात. केंद्राने काय, राज्यानेही सज्ञान माणसाच्या घरात डोकावू नये, ही त्यांची भूमिका. न्यू मेक्सिकोचे गॅरी जॉन्सन रिपब्लिकन गव्हर्नर असतानाच, १९९९ मध्ये, गांजा कायदेशीर करा म्हणाले आणि पुढे लिबर्टेरियन पक्षातर्फे दोनदा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले.

‘खरा उजवा’ कोण, हे ठरवायचं कुणी? २०२० मध्ये मोंटाना राज्यात एकाच दिवशी, एकाच मतपेटीत ट्रम्पना सुमारे ५७ टक्के मतं पडली आणि गांजा कायदेशीर करण्यालाही सुमारे ५७ टक्के. गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत २०१७ साली पहिल्यांदा निम्म्याहून जास्त रिपब्लिकन या बाजूने निघाले. अलीकडे त्यांचा कल पुन्हा उतरला आहे, हेही खरं. जेफ सेशन्स, रॉन डिसँटिस यांच्यासारखे कडवे विरोधकही त्याच पक्षातले. म्हणजे घरात भांडण आहे. पण भांडणाऱ्यांपैकी एकालाच घरचा म्हणणं लबाडी झाली.

विकत घेतलेले उजवे? इथे मजकुराला थोडे गुण देतो. रिपब्लिकन जॉन बेनर प्रतिनिधिगृहाचे सभापती असताना कायदेशीर करण्याच्या ठाम विरोधात होते आणि २०१८ मध्ये एका गांजा कंपनीच्या सल्लागार मंडळावर जाऊन बसले. त्यावर मी काय बोलू! पण १९७२ साली फ्रीडमन किंवा बकलींना विकत घ्यायला कायदेशीर गांजा कंपनी होती कुठे?

फ्रीडमनच्या वारसदारांना एका गोष्टीचं उत्तर मात्र द्यावं लागेल. कायदेशीर केलं की चोरटा धंदा बसेल, असं ते सांगत आले. कॅलिफोर्नियात तो बसलेला नाही. करांचा बोजा, परवान्यांची कटकट आणि कित्येक गावांनी दुकानांना केलेली मनाई, यामुळे चोरटा माल स्वस्त पडतो. ते म्हणतात, बघा, पुन्हा सरकारच आडवं आलं. मला हे उत्तर अर्धवट वाटतं, पण खोटं म्हणवत नाही.

मजकूर पुढे ढकलणारा एक मित्र न्यू जर्सीत असतो. तिथे दुकानात बिल देऊन गांजा मिळतो, म्हणून त्याला वाटतं डावे जिंकले, विषय संपला. त्याला मी कळवलं की केंद्राच्या कायद्यात तो अजून निषिद्धच आहे. राज्यात कायदेशीर असलेल्या गांजाची नुसती कबुलीसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकते, असं तिथल्या इमिग्रेशन खात्याने २०१९ मध्येच जाहीर केलं आहे. आणि त्याचा अर्ज अजून व्हायचा आहे.