धिप्पाड दिसला म्हणून पहिल्या फेरीत घेऊ नका

आइस हॉकीत बोर्डपाशी, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीपाशी, समोरच्याला असा खांदा द्यायचा की अख्खं स्टेडियम उभं राहिलं पाहिजे. असं खेळणारा डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, मला कुठल्याही गोल करणाऱ्या फॉरवर्डपेक्षा जास्त आवडतो. तरीही माझं ठाम मत आहे की एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या फेरीत निव्वळ उंची, वजन आणि हिट्स (धक्के) बघून डिफेन्समन घेणं म्हणजे हातातली निवड वाया घालवणं. जून आला की आम्हा लीफ्सवाल्यांत, म्हणजे टोरंटो मेपल लीफ्सच्या चाहत्यांत, एकच सूर लागतो: "प्लेऑफमध्ये आपण मार खातो, एक रांगडा डिफेन्समन घ्या." मार खातो हे शंभर टक्के खरं आहे. त्यावरचा हा उपाय मात्र मला पटत नाही, आणि का पटत नाही ते एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

भारतातल्या मित्रांसाठी आधी थोडक्यात. हे ध्यानचंद, धनराज पिल्ले यांचं हॉकी नाही, बर्फावरचं आहे. एनएचएलमध्ये 32 संघ आहेत. ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात, म्हणजे एकूण 224 निवडी, आणि निवडली जाणारी बहुतेक पोरं जेमतेम अठरा वर्षांची असतात. पैशांची बोली लागत नाही. आधीच्या हंगामात जो संघ खाली राहिला त्याचा नंबर साधारणपणे आधी लागतो, अगदी वरच्या जागांसाठी लॉटरी काढतात. म्हणजे अठरा वर्षांचं पोरगं पंचविसाव्या वर्षी कसं खेळेल, हे आज ओळखायचं. डिफेन्समनच्या बाबतीत ते ओळखणं सगळ्यात अवघड.

2008 चा ड्राफ्ट घ्या. ऑटवाला झाला होता. पहिला स्टीव्हन स्टॅमकोस गेला आणि त्यानंतर ओळीने चार डिफेन्समन: ड्रू डाउटी, झॅक बोगोसियन, अ‍ॅलेक्स पिएट्रँजेलो आणि पाचवा आमचा ल्यूक शेन. शेनसाठी लीफ्सने वर सरकण्याचा सौदा केला होता. लॉस एंजेलिसने डाउटी घेतल्यावर तेराव्या नंबरावर कोल्टन ट्यूबर्ट घेतला. मोठा, आडदांड, रेजायनाकडून कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये समोरच्यांना चिरडणारा. त्याच्या दोनच जागा मागे, पंधराव्या नंबरावर, ऑटवाने स्वीडनचा एक बारीक अंगाचा पोरगा घेतला, एरिक कार्लसन. ट्यूबर्ट एनएचएलमध्ये 24 सामने खेळला. कार्लसनने सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी तीनदा घेतली. सत्ताविसाव्या नंबरावर जॉन कार्लसन होता आणि अडतिसाव्यावर, म्हणजे दुसऱ्या फेरीत, रोमन योसी. त्यानेही पुढे नॉरिस घेतली.

आता शेनबद्दल, कारण त्याच्यावर माझा मनापासून जीव आहे. पोरगा अंगाने तयार होता, हिट्स कडक होते, स्वभाव प्रामाणिक होता. लीफ्सने त्याला अठराव्या वर्षीच एनएचएलमध्ये उतरवलं. त्यामागे एक नियमही होता. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून आलेल्या त्या वयाच्या पोराला एनएचएलच्या खालच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये, पाठवता येत नव्हतं. एक तर एनएचएल, नाहीतर परत ज्युनियर. मधली पायरीच नाही. अशा वेळी शेनला केलोनाला, त्याच्या ज्युनियर संघाकडे, परत पाठवून अजून एक वर्ष मुरू द्यायला हवं होतं. त्याऐवजी तो रोज रात्री पूर्ण वाढलेल्या पुरुषांच्या मागे धावत राहिला. 2012 मध्ये त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. मग एकामागून एक संघ बदलले. पुढे त्याला एएचएलमध्ये जाऊन स्वतःचं स्केटिंग आणि खेळ नव्याने घडवावा लागला. तिथून उठून त्याने टॅम्पाबरोबर 2020 आणि 2021 असे दोन स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची अजिंक्यपदं, जिंकले, आणि हजारावर सामने खेळला. 2023 मध्ये तो टोरंटोला परतला तेव्हा लीफ्सने त्याच्यासाठी तिसऱ्या फेरीची एक निवड दिली होती. ज्याला अठराव्या वर्षी पाचव्या नंबरावर घेतला, तो खरा तयार झाला तेव्हा तिसऱ्या फेरीच्या भावात मिळाला. माझं सगळं म्हणणं यात आलं.

त्या वसंतात तो मॉर्गन रायलीच्या जोडीला खेळला. रायलीसुद्धा लीफ्सचा पाचव्या नंबराचाच, 2012 चा. त्या जोडीने टॅम्पाविरुद्ध जे केलं ते इथला कुणी विसरणार नाही. 2004 नंतर पहिल्यांदा लीफ्स प्लेऑफची एक फेरी जिंकले. रायलीची निवड कशी झाली होती तेही आठवा. ड्राफ्टच्या वर्षी गुडघ्याला दुखापत, मूस जॉक या ज्युनियर संघाकडून हंगामात फक्त 18 सामने. तरी स्काउट्सनी त्याचे पाय बघितले होते, पक (खेळातली रबरी चकती) घेऊन वर निघताना तो काय बघतो ते बघितलं होतं. तेवढं पुरे होतं.

त्याच 2012 मध्ये पहिल्या दहात आठ डिफेन्समन गेले. चौथ्या नंबरावर न्यूयॉर्क आयलंडर्सनी ग्रिफिन राइनहार्ट घेतला. सहा फूट चार इंच, भक्कम, "सेफ" निवड म्हणून सगळे माना डोलावत होते. एनएचएलचे सामने 37. वर एडमंटनने 2015 मध्ये त्याच्यासाठी सोळावी आणि तेहेतिसावी निवड मोजली, आणि त्या सोळाव्या निवडीवर आयलंडर्सनी मॅथ्यू बार्झल उचलला. तिकडे 86 व्या नंबरावर सेंट लुइसने कोल्टन परेको घेतला. हा फोर्ट मॅकमरीत खेळणारा, पुढे अलास्कातल्या विद्यापीठात गेलेला पोरगा 2019 मध्ये स्टॅनली कप जिंकणाऱ्या बचावफळीचा कणा होता. 120 व्या नंबरावर कॅरोलायनाने जेकब स्लॅव्हिन घेतला. स्लॅव्हिन जवळजवळ कुणाला धडकतच नाही, शिस्तीच्या खेळाची लेडी बिंग ट्रॉफी त्याने दोनदा घेतली आहे, आणि तरी त्याला चकवून जायचं कसं हा लीगमधल्या प्रत्येक फॉरवर्डपुढे प्रश्न असतो.

असं का होतं? ज्युनियर लीगमध्ये सोळा वर्षांच्या पोरांसमोर एकोणीस वर्षांचेही असतात. ज्याचं अंग लवकर भरलं तो तिथे राज्य करतो. त्याचा प्रत्येक धक्का व्हिडिओत भयंकर दिसतो. एनएचएलमध्ये आल्यावर समोरचा प्रत्येक जण त्याच्याएवढाच असतो आणि वेग दुप्पट वाटतो. धक्का देण्यात वजनापेक्षा वेळ आणि कोन महत्त्वाचा. ज्यांनी कबड्डी बघितली आहे त्यांना हे सांगायला नको: कव्हरवरचा चांगला खेळाडू रेडरला डॅश मारतो तेव्हा तो ताकदीने सरस असतोच असं नाही, पण रेडरचं वजन एका पायावर गेल्याचा क्षण त्याने हेरलेला असतो. बर्फावरही तेच. मागे मागे स्केटिंग करत फॉरवर्डला हळूहळू बोर्डकडे ढकलत न्यायचं, स्टिक पकवर ठेवायची, त्याला आत वळायला जागाच द्यायची नाही, आणि शेवटी खांदा. हे ज्याला येतं त्याचा हिट साधा दिसतो आणि पक त्याच्या संघाकडे येतो. ज्याला येत नाही तो मोठा हिट मारायला जागा सोडून जातो आणि मागे दोन जण मोकळे राहतात.

माझ्या मते डिफेन्समनचा खरा दमखम दिसतो तो धक्का देताना नाही, घेताना. समोरचा संघ पक आपल्या कोपऱ्यात भिरकावतो. डिफेन्समन पाठ करून पकच्या मागे जातो. पाठीवर नव्वद-पंचाण्णव किलोचा माणूस पूर्ण वेगात येतोय हे त्याला माहीत असतं. चांगला डिफेन्समन पकपर्यंत पोचायच्या आत एकदा या खांद्यावरून, एकदा त्या खांद्यावरून मागे बघून घेतो. साथीदार कुठे आहे, येणारा कुठल्या बाजूने येतोय, हे ठरलेलं असतं. मग तो पकला हात लावतो, पास देतो, आणि पास दिल्यावर धक्का खातो. तोपर्यंत पक त्याच्या संघाकडे आणि खेळ दुसऱ्या दिशेला. जो मागे बघत नाही, तो घाबरून पक बोर्डवरून कुठेतरी ढकलतो, तिथे समोरच्यांचा माणूस उभाच असतो. 2025 मध्ये फ्लोरिडाने आम्हाला सातव्या सामन्यात आमच्याच घरात 6-1 असं हरवलं, तेव्हा सगळ्यांना त्यांची दांडगाई दिसली. मला त्यांच्या फोरचेकखाली, म्हणजे आमच्या भागात येऊन पकसाठी टाकलेल्या दबावाखाली, आमच्याकडून निसटत गेलेले पक दिसले. अजून एक राक्षस आणून तो प्रश्न सुटला असता असं मला वाटत नाही.

आणि हिट्सच्या आकड्यांवर फार विसंबू नका. हिट तेव्हाच मोजला जातो जेव्हा पक समोरच्याकडे असतो. म्हणजे ज्याच्या नावावर ढीगभर हिट्स आहेत, तो रात्रभर पकमागे धावत असण्याची शक्यता बरीच. त्यात कुठल्या रिंकवर आकडे टिपणारा किती सढळ हाताने हिट लिहितो, यावरही फरक पडतो.

मग रांगडे डिफेन्समन नकोतच का? हवेत, आणि लागतातच. पण ते कुठून येतात बघा. फ्लोरिडाने 2024 आणि 2025 असे सलग दोन कप जिंकले. अ‍ॅरन एकब्लॅड त्यांचा स्वतःचा, 2014 चा पहिल्याच नंबराचा. पण गुस्ताव फोर्सलिंग 126 वा, कॅरोलायनाने वेव्हर्सवर, म्हणजे कुणीही उचलावा म्हणून, सोडलेला, फ्लोरिडाने फुकट उचलला. निको मिक्कोला 127 वा, खुल्या बाजारातून आणलेला. वेगसने 2023 मध्ये कप जिंकला तेव्हा ब्रेडन मॅकनॅब तिसऱ्या फेरीतला होता आणि झॅक व्हाइटक्लाउडला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. मॉंट्रियलचा आर्बर झेकाय आपल्या शेजारच्या हॅमिल्टनचा. त्यालाही कुणी निवडलं नाही, कोविडच्या काळात तो कॉस्टकोत काम करत होता, आणि आज त्याच्यासमोर जाताना फॉरवर्ड दोनदा विचार करतात.

लीफ्सकडेही बघा. ख्रिस टॅनेव्ह टोरंटोचाच, ड्राफ्ट न झालेला. सायमन बेनुआ, तोही तसाच. जेक मॅकेब मूळचा दुसऱ्या फेरीतला, 44 वा, आणि ब्रँडन कार्लो 37 वा. या दोघांसाठी मात्र आपण प्रत्येकी एक पहिल्या फेरीची निवड मोजली, अटींसकट का होईना, वर आणखी काही दिलंच. दुसऱ्या फेरीत मिळणारी माणसं पहिल्या फेरीच्या भावात. स्वतः घडवायला वेळ दिला असता तर ही उधळपट्टी करावी लागली नसती.

जे पहिल्या फेरीच्या लायकीचे असतात ते वेगळेच दिसतात. मोरित्झ सायडरला 2019 मध्ये डेट्रॉइटने सहाव्या नंबरावर घेतलं तेव्हा लोक चकित झाले होते. तो हिट मारतो, पण त्याआधी स्केटिंग करतो आणि विचार करतो. 2022 ची काल्डर ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम नवोदिताची, त्याचीच. 2025 चा पहिला, हॅमिल्टनचा मॅथ्यू शेफर, कॉलरबोन मोडल्यामुळे त्या हंगामात इरी या ज्युनियर संघाकडून फक्त 17 सामने खेळला होता. तरी आयलंडर्स अडखळले नाहीत. त्याच रात्री त्यांनी सतराव्या नंबरावर बॅरीचा कशॉन एचिसन घेतला, आणि ती निवडही मला आवडली. कारण एचिसन नुसता आदळत नाही, पक घेऊन वर जातो आणि गोलही करतो.

2024 ची गोष्ट अजून आमच्यात धुमसते आहे. लीफ्सने 23 वी निवड अ‍ॅनहाइमला देऊन 31 वी आणि 58 वी घेतली. अ‍ॅनहाइमने तिथे नॉर्वेचा स्टिअन सोलबर्ग उचलला, हिट्ससाठी प्रसिद्ध. आमच्याकडे ओशावाचा बेन डॅनफर्ड आला. माझे कित्येक मित्र अजून हळहळतात. मला सोलबर्ग आवडतो, तो खेळेलही. पण आठ जागा मागे जाऊन एक जास्तीची निवड पदरात पाडणं आणि शांत डोक्याचा, जागा न सोडणारा डॅनफर्ड घेणं, हा सौदा मी आजही चांगलाच म्हणेन.

काही जुने चाहते कडक धक्के देणाऱ्या स्कॉट स्टीव्हन्स या डिफेन्समनची आठवण काढतात. 2000 च्या प्लेऑफमध्ये त्याने एरिक लिंड्रॉसला दिलेला तो धक्का मला परत बघायचा नाही. डोक्याला इजा झाली की माणसाचं पुढचं आयुष्य बदलतं. 2010 पासून डोक्यावरच्या धक्क्यांविरुद्ध नियम 48 आला हे फार बरं झालं, आणि स्काउट्सनीही हे लक्षात घ्यायलाच हवं. उशिरा पोचून डोक्याकडे झेपावणारा पोरगा आता संघाला पेनल्टी आणि निलंबन याशिवाय काही देत नाही.

एक बदल मला फार आशेचा वाटतो. 2025-26 च्या हंगामापासून कॅनडाच्या ज्युनियर लीगमधली पोरं अमेरिकेतल्या कॉलेजांकडून खेळू शकतात. आधी ती दारं बंद होती. म्हणजे शेनला जी मधली पायरी मिळाली नाही, ती आता आहे: अठरा-एकोणीसच्या पोराने बावीस-तेवीसच्या माणसांसमोर खेळायचं, आठवड्यातले बरेच दिवस सराव आणि जिम, आणि घाई नाही. लीफ्सने याचाच फायदा घ्यावा. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या फेरीत मोठ्या चणीची, पाय बरे असलेली दोन-तीन पोरं घ्यावीत आणि त्यांना कॉलेजात निवांत वाढू द्यावं. पहिल्या फेरीची निवड हातात असेल तेव्हा मात्र कोपऱ्यात जाताना मागे वळून बघणारा पोरगा शोधावा, मग तो पाच फूट अकरा इंचांचा असला तरी.