लसावि चाळीस

शिकागोच्या पश्चिमेला जी उपनगरं पसरली आहेत, तिथे मे महिन्याचा शेवटचा सोमवार उजाडला की घराघरांच्या मागून धूर निघायला लागतो. हा मेमोरियल डे. तिथून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेपर्यंत इथल्या माणसाला घरात स्वयंपाक करणं कमीपणाचं वाटतं. हिवाळाभर बर्फ उपसून उपसून जीव आंबलेला असतो, त्यामुळे ऊन पडलं रे पडलं की बॅकयार्डात काहीतरी भाजल्याशिवाय चैन पडत नाही. एरवी स्वतःचा चहासुद्धा न करणारे पुरुष एप्रन बांधून चिमटा परजत उभे राहतात. मीही राहतो. माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. मोठ्यांचा कुकआउट म्हणजे सुखाचा मामला असतो. कोळसे पेटवावेत, हाताला लागेल ते भाजावं, थंड बाटल्या काढाव्यात. एखादी बाजू करपली तर ‘स्मोकी फ्लेवर’ म्हणून लोक मुद्दाम तीच मागून घेतात.

छळ सुरू होतो तो पाहुण्यांचं वय सात असलं की.

पहिली संपवून दुसरीत निघालेल्या आमच्या चिरंजीवांनी जुलैतल्या एका शनिवारी सगळा वर्ग आपल्याकडे जेवायला येणार असल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं. बायकोने निमंत्रण पाठवलं आणि खाली सभ्यपणे विचारलं, ‘मुलांच्या खाण्यापिण्याबद्दल काही सांगायचं आहे का?’ हा प्रश्न अमेरिकेत विचारावाच लागतो, आणि विचारला की पस्तावावं लागतं. उत्तरं आली. एकाला शेंगदाणा चालत नाही, एकीला अंडं. एकाला गहू वर्ज्य. एका घरी पोर्क नाही, एका घरी कांदा-बटाटा नाही, आणि एका आईचा लाल रंगाच्या कुठल्याही खाद्यपदार्थावर अविश्वास. शेवटी बायकोने एक्सेल उघडलं. मुलांची नावं उभी, न चालणाऱ्या गोष्टी आडव्या. सगळ्या फुल्या मारून झाल्यावर रिकाम्या उरलेल्या चौकोनांतून एकमताने पास झालेला पदार्थ एकच होता, पाणी.

आमच्या आईला, म्हणजे चिरंजीवांच्या आजीला, हे सगळं समजावून सांगणं हे वेगळंच प्रकरण. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली आहे. तिच्या मते सात वर्षांचं पोर पुढ्यात येईल ते खातं, आणि नाही खाल्लं तर त्याला अजून भूक लागलेली नाही.

“मी काकडीची कोशिंबीर करते,” ती म्हणाली. “थंड असते. उन्हाचं बरं.”

“कर. पण दाण्याचं कूट नको.”

“थोडंच घालते.”

“आई, थोडंसुद्धा नाही. त्या मुलाला दवाखान्यात न्यावं लागेल.”

आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोशिंबिरीतून काकडीच वजा करायला सांगितली होती. आपल्या स्वयंपाकघराची गंमत अशी, की कूट कशाकशात असतं हे आपल्यालाही ठाऊक नसतं. कोशिंबिरीत, उसळीत, भरल्या वांग्यात, खिचडीत, आणि कशातच नसलं तरी त्या डब्यातला चमचा दुसऱ्या डब्यात गेलेला असतो. त्या आठवड्यात आमच्या घरातला कुटाचा डबा वरच्या मजल्यावर, कपड्यांच्या कपाटात, रजयांच्या मागे मुक्कामाला होता. ही अतिशयोक्ती नाही. बायकोनेच नेऊन ठेवला.

बरं, शेंगदाणा निदान दिसतो तरी. तिळाचं तसं नाही. दूध, अंडी, मासे, कवचवाले जलचर, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणा, गहू आणि सोयाबीन ही आठ नावं अमेरिकेत पाकिटावर स्पष्ट लिहावी लागतातच. 1 जानेवारी 2023पासून कायद्याने त्यात नववं नाव घातलं, तिळाचं. हेतू चांगला होता. पण बेकरीत तिळाचा एक दाणाही इकडचा तिकडे जाणार नाही याची हमी देणं महाकठीण. म्हणून काही बेकऱ्यांनी भलताच मार्ग काढला. ज्या पावांत तीळ नव्हते, त्यांत मुद्दाम थोडं तिळाचं पीठ घातलं आणि पाकिटावर राजरोस लिहून टाकलं, ‘तीळ आहेत’. कायदा पाळला गेला आणि तिळाची अॅलर्जी असलेली मुलं नेहमीच्या पावालाही मुकली. हे मी आईला सांगितल्यावर तिने बराच वेळ विचार केला आणि विचारलं, “मग संक्रांतीला इथे एकमेकांना काय देतात?”

पाव आणायला गेलो तिथे वेगळंच गणित वाढून ठेवलेलं. हॉट डॉग म्हणजे लांबट बनमध्ये घालून खायचं सॉसेज. त्याच्या पाकिटात साधारण दहा नग असतात, आणि बनच्या पाकिटात आठ. कारण विचाराल तर तेही आहे. हॉट डॉग पाउंडावर विकले जातात, आणि दहांचं वजन एक पाउंड, म्हणजे 454 ग्रॅम भरतं. बन भाजण्याचे साचे चारचारांचे, म्हणून ते आठ. दोघांनाही आपापल्या जागी शहाणपण आहे, फक्त एकमेकांशी बोलणं नाही. बरोबर जुळवायचं तर दहा आणि आठ यांचा लसावि काढायचा, तो येतो चाळीस. हॉट डॉगची चार पाकिटं, बनची पाच. पाचवीत लसावि शिकवताना ‘याचा पुढे काय उपयोग?’ असं विचारल्याबद्दल मला बाकावर उभं केलं होतं. गुरुजींनी उत्तर म्हणून हे दुकान दाखवायला हवं होतं.

आता कसले हॉट डॉग घ्यायचे? शिकागोत हॉट डॉग म्हणजे बीफचाच. बीफ आमच्या घरात येत नाही. पोर्क त्या एका घरात चालत नाही. म्हणून चिकनचे घेतले, आणि शाकाहारी मुलांसाठी सोयाचे. सोया त्या नऊ नावांत आहेच, पण आमच्या एक्सेलमध्ये त्या रकान्यात चक्क एकही फुली नव्हती. आम्ही दोघांनी पार्किंग लॉटमध्ये एकमेकांना टाळी दिली.

शिवाय केचप. इथल्या रीतीप्रमाणे हॉट डॉगवर पिवळी मोहरी, कांदा, टोमॅटो, हिरवंगार रेलिश, लोणच्यातली काकडी, छोट्या मिरच्या आणि वरून सेलरीचं मीठ एवढं सगळं चालतं, पण केचप घातलं की माणूस वाया गेला असं समजतात. अमेरिकेत हॉट डॉगची एक राष्ट्रीय परिषदसुद्धा आहे. तिच्या शिष्टाचारात वय वर्षं अठरानंतर हॉट डॉगवर केचप घालू नये असं लिहिलेलं आहे. मतदान आणि केचपबंदी एकाच वर्षी येतात. सात वर्षांच्या पाहुण्यांना मात्र सगळं माफ, म्हणून केचपच्या मोठ्या बाटल्या आणल्या. त्या लाल रंगवाल्या आईंना मी बाटलीवरचं मागचं लेबल दाखवणार होतो. केचप टोमॅटोने लाल असतं.

शनिवारी सकाळी आईला द्राक्षं चिरायला बसवलं. वर्ग पहिलीचा असला, तरी प्रत्येक घरातून एकेक शेंडेफळ मागोमाग येणार हे ठरलेलं होतं, आणि चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात अख्खं द्राक्ष किंवा हॉट डॉगची गोल चकती अडकू शकते. म्हणून दोन्ही उभी चिरायची असतात. आईचं माहेर तासगावकडचं. तिचं लहानपण द्राक्षाच्या मांडवाखाली गेलं. घड तोडायचा, फुंकर मारायची, तोंडात टाकायचं. ती चष्मा लावून एकेक द्राक्ष पाटावर उभं धरत होती, मधोमध कापत होती, मग आडवं करून पुन्हा कापत होती. दोन बोटांत मावणाऱ्या द्राक्षाच्या चार फाका, साल न सुटता. पातेलंभर झाल्यावर म्हणाली, “आमच्या दादांनी हे पाहिलं असतं तर बाग मोडली असती.”

आमचं ग्रिल गोल, काळं, झाकणाचं. हा अवतार इथलाच. 1952मध्ये जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थाने शिकागोच्या वेबर ब्रदर्स कारखान्यात पाण्यावर तरंगणारा लोखंडी बोया मधोमध कापून तो बनवला, वाऱ्यापावसात कोळसे विझू नयेत म्हणून. त्या गृहस्थाच्या डोक्यात शाकाहाराचा विचार मात्र आलेला नसणार. वर्तुळाला कोपरा नसतो. मी मधोमध फॉइलची भिंत घातली. डावीकडे चिकन, उजवीकडे सोया, पनीर आणि कणसं. दोन चिमटे, एकाला हिरवी टेप. तरी वारा आला की धूर सीमा ओलांडायचाच, आणि त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं हे कुणालाच ठरवता येईना.

चिकन आतून 165 अंश फॅरनहाइट, म्हणजे 74 सेल्सिअस झालं पाहिजे, असं इथलं कृषी खातं सांगतं, आणि ते रंगावरून ओळखायचं नाही, थर्मामीटर खुपसूनच पाहायचं. मी खुपसत होतो. आई खुर्चीतून पाहत होती. “ताप उतरला का?” एवढंच तिने विचारलं.

पनीरच्या तुकड्यांसाठी बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवून ठेवल्या होत्या, जळू नयेत म्हणून. पहिल्या दोन काड्या मुलांच्या हातात गेल्या आणि पनीर गवतावर पडून तलवारबाजी सुरू झाली. उरलेलं पनीर मी काड्यांवरून काढून वाटीत दिलं. म्हणजे सकाळी तासभर खपून जे ओवलं, ते दुपारी उभ्याउभ्या उपसलं.

कणसांवर माझा भरवसा होता. इलिनॉय हे मक्याचं राज्य. जुलैत गोड कणसं रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर येतात, त्यांत ना गहू, ना अंडं, ना शेंगदाणा, ना लाल रंग. आईने स्वतः निखाऱ्यावर फिरवून फिरवून भाजली, अर्ध्यांना लिंबू-मीठ, अर्ध्यांना नुसतं लोणी. पहिल्या मुलाने कणीस तोंडाला लावलं, थांबला, आणि माझ्याकडे पाहून हसला. समोरचे दोन दात नव्हते. दुसऱ्याचे वरचे चारही नव्हते. एकीचा हलत होता आणि ती तो सगळ्यांना हलवून दाखवत होती. पहिली संपवलेल्या वर्गाला कणीस देऊ नये, हे इतकी वर्षं कुकआउट करणाऱ्या या देशात कुणी लिहून कसं ठेवलं नाही? आई पुन्हा सुरी घेऊन बसली आणि दाणे उतरवायला लागली. दाणे वाटीत आल्यावर, हे आता ‘कॉर्न ऑन द कॉब’ राहिलं नाही म्हणून, मुलांनी ते घेतले नाहीत.

बायकोने ओव्हनमध्ये मॅक अँड चीज, म्हणजे चीजमध्ये घोळलेली मॅकरोनी, केलं होतं. शेजारच्या विस्कॉन्सिनचं खरं चेडर, वर ब्रेडचा कुरकुरीत चुरा. एका मुलीने काट्याने चुरा बाजूला सारला, आत डोकावली आणि विचारलं, “हे निळ्या डब्यातलं नाहीये का?” निळ्या डब्यातलं म्हणजे दुकानातलं झटपट मॅक अँड चीज, ते डॉलर-दीड डॉलरला मिळतं आणि त्याचा नारिंगी रंग ट्रॅफिकच्या खांबावर शोभावा असा असतो. बायको काही बोलली नाही. तिने भांडं उचलून मोठ्यांच्या टेबलावर नेऊन आपटलं, तिथे ते पाच मिनिटांत साफ झालं.

मग मुलांनी खाल्लं काय? कलिंगड. कूलरमधला बर्फ. आणि पाव. नुसता. हॉट डॉग काढून पालकांच्या ताटात टाकायचा, बनचा मऊ भाग बोटांनी उकरून खायचा, वरचं साल कुत्र्याला. एका मुलाने चार बन असे पोखरले. त्याची आई शेजारी उभी राहून त्याचे चारही हॉट डॉग एकापाठोपाठ एक संपवत होती, आणि मला सांगत होती, “घरी हा अजिबात खात नाही, तुमच्याकडे बघा किती खाल्लं!” इकडे-तिकडे पाहिलं तर प्रत्येक बाप हातात अर्धवट चावलेलं काहीतरी घेऊन उभा. सगळा वर्ग सांभाळून केलेलं, तिखट काढलेलं, उभं चिरलेलं, तापमान मोजलेलं जेवण पस्तिशी-चाळिशीतली माणसं मिटक्या मारत खात होती. त्यांना अठराचा नियम माहीत असावा, कारण केचप घालताना ती पाठ फिरवायची.

शेवटी स्मोअर्स. भाजलेला मार्शमेलो आणि चॉकलेट दोन बिस्किटांत दाबून खायचं. 1927च्या गर्ल स्काउट्सच्या पुस्तकात याची कृती छापलेली आहे, म्हणजे मुलांना आगीजवळ साखर देण्याची कल्पना शंभरीला आली. नेहमीच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात, म्हणून शाकाहारी मार्शमेलो वेगळे आणले होते. ते भाजून फुगत नाहीत, थोडा वेळ लाजतात आणि एकदम काडीवरून निखाऱ्यात उडी घेतात. मुलांना हे इतकं आवडलं की मांसाहारी मुलंही शाकाहारी पाकीट मागायला लागली. खायला नव्हे, बघायला. आई प्रत्येक मार्शमेलोला “होळी रे होळी” म्हणत होती आणि गहू वर्ज्य असलेला तो मुलगा तिच्या मांडीवर बसून बोंब मारायला शिकत होता.

परवा त्या चार बन पोखरणाऱ्या मुलाच्या घरचं निमंत्रण आलं. पुढच्या शनिवारी कुकआउट, खाली तोच प्रश्न, आपल्या मुलाच्या खाण्याबद्दल काही सांगायचं आहे का? मी लिहिलं, “सगळं चालतं. बनची पाकिटं आणा. हॉट डॉग फक्त माझ्यापुरते.”