खुलासा : अमेरिकेतलं पीक अनुदान

‘अमेरिकेत पीक बुडालं की सरकार लगेच पैसे टाकतं’ हा मेसेज शेतकरी ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. 2014 च्या कृषी कायद्यातली ‘एआरसी-काउंटी’ ही उत्पन्न-हमीची योजना (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) एकट्याच्या शेताचं नुकसान मोजतच नाही. काउंटीचं सरासरी उत्पादन आणि देशातला बाजारभाव बघते. आयोवात एखाद्याचा मका गारपिटीत आडवा झाला, पण काउंटीचं उत्पन्न (उत्पादन गुणिले भाव) योजनेतल्या हमीच्या वर राहिलं, तर या योजनेतून त्याला एक डॉलरही नाही. (पीक विमा वेगळा.) हिशेबही मक्याच्या जुन्या सरकारी नोंदीतल्या ‘बेस’ एकरांच्या 85 टक्क्यांवर होतो, यंदा तिथे सोयाबीन का असेना. आणि पैसे कापणीनंतरच्या वर्षी, ऑक्टोबरपासून. महसूल मंडळाच्या सरासरीत ज्यांचा पीक विमा अडकलाय, त्यांना हे दुखणं नेमकं कळेल.