पूररेषेच्या अलीकडे सुखाने कसे राहावे

मुंबईत तळमजल्यावर घर घ्यायचे ठरवलेत, अभिनंदन. घर बघायला एप्रिलमध्येच जा. जुलैत गेलात तर चपला हातात धरून बघावे लागेल, आणि मग नको ते दिसते. आत गेल्यावर हॉलच्या भिंतींना कमरेपर्यंत टाइल्स का लावल्यात, प्लगचे पॉइंट छातीच्या उंचीवर का नेलेत, फ्रिज विटांच्या ओट्यावर का चढवलाय, असले प्रश्न पाहुण्याने विचारू नयेत. टाइल्स छान आहेत म्हणावे. अगदीच राहवले नाही तर एजंटला 'पाणी भरतं का हो इथे?' एवढे विचारा. 'दोन हजार पाचला भरलं होतं, पण तेव्हा काय, सगळीकडेच भरलं होतं!' हे उत्तर ठरलेले आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे खरेच. त्या एका दिवसाच्या पोटात त्याआधीचे आणि नंतरचे सगळे गुडघाभर पाणी मावते.

मग नकाशे बघा. नकाशे बरेच आहेत, त्यामुळे सोयीचा निवडता येतो. नदीकाठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लालच्या मध्ये अटी घालून परवानगी. बजेट कमी पडले म्हणून बदलापूरला उल्हास नदीकडे सरकणार असाल तर बिल्डर सांगेल, 'आपला प्लॉट निळ्याच्या बाहेर आहे.' तुम्ही मान डोलवा. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ मागचा पूर २००५ ला येऊन गेला, आता २१०५ पर्यंत निवांत, असाच घ्यायचा. दरवर्षी १ टक्का शक्यता असेल तर २० वर्षांच्या गृहकर्जात पाणी एकदा तरी येण्याची शक्यता १८ टक्के होते, आणि निळ्या रेषेवर तीच ५६ टक्के, हे गणित हप्त्याच्या गणितात मिसळू नका. हप्ता चुकत नाही, पूर चुकू शकतो.

दादरजवळच्या हिंदमाताला तर नदीच नाही. बशीसारखा खोलगट भाग, चहूबाजूंचे पाणी तिथे उतरते. पण नदी नाही म्हणून नदीची पूररेषाही नाही, आणि रेषा नाही म्हणजे पूर नाही. नकाशा काढून दाखवा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडा आणि पुढे चला.

किनारा आणि खाडीचा कारभार सीआरझेडकडे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांकडे. २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठची पट्टी १०० मीटर होती, २०१९ च्या अधिसूचनेत ती ५० मीटरवर आली. (खाडीची रुंदी त्याहून कमी असेल तर तेवढीच.) म्हणजे भरतीरेषेपासून ७० मीटरवरची एखादी सोसायटी जागची न हलता खाडीपासून लांब गेली. खाडीला हे कोणी कळवले नाही, तो तपशील. पेढे वाटा, पुनर्विकासाची सभा लावा. सीआरझेडमधून बाहेर पडणे म्हणजे पुरातून बाहेर पडणे, असे सभेत ठासून सांगायचे. ती पट्टी किनाऱ्यावर काय बांधावे याची आहे, पाणी कुठवर चढते याची नव्हे, असे बोलणारा एखादा निवृत्त इंजिनीअर प्रत्येक सोसायटीत असतो. त्याला पार्किंग कमिटीत टाका.

या सगळ्या रेषांपेक्षा कामाचा एक आकडा बांधकाम परवानगीच्या अटींमध्ये असतो, म्हणूनच तो कोणी वाचत नाही. सखल प्लॉट असेल तर काम सुरू करण्याआधी मुरूम, माती, दगड टाकून भरणी करा, ती टाउन हॉल डेटमच्या (मुंबईत उंची मोजायचा ठरलेला आधारबिंदू) २७.५५ मीटर किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा ०.१५ मीटर, यांत जे जास्त असेल तितकी उंच हवी, आणि तिला उतार रस्त्याकडे द्या. रस्त्यापेक्षा १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच! आता या सहा इंचांचे काय होते ते बघा. जुना थर न खरवडता रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो, इंच-दोन इंच गेले. काही वर्षांनी पुन्हा एक. मग काँक्रीटीकरण येते आणि रस्ता गेटपेक्षा वर जातो. उतार तोच, फक्त आता तो रस्त्याकडून तुमच्या दारात. घर तसूभर हलले नाही, नकाशाही बदलला नाही, आणि तुम्ही खड्ड्यात आहात. यावर उपाय म्हणजे उंबऱ्यावर नऊ इंचांची विटांची भिंत बांधणे. पाणी त्यावरून येणार नाही. ते न्हाणीच्या जाळीतून येईल, कारण भरतीच्या वेळी पर्जन्यवाहिन्यांची समुद्राकडची तोंडे पाण्याखाली असतात आणि गटारे उलटी वाहू लागतात. जाळीखाली नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारी झडप, बसवता येतो. पण तो दिसत नाही. भिंत कशी, पाहुण्यांना दाखवता येते.

अमेरिकेत यातले सुख नाही. तिथे पुराचे सरकारी नकाशे असतात. नकाशा बदलून घर जास्त धोक्याच्या झोनमध्ये गेले आणि कर्ज केंद्र सरकारचा आधार असलेले असेल, तर बँक पुराचा विमा घ्यायला लावते. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर धरलेलाच नसतो आणि वेगळी पॉलिसी सहसा ३० दिवसांनी लागू होते. जमीन उंचावर आहे म्हणून झोनमधून नाव काढायचे तर मोजणीचे कागद द्यावे लागतात. मुलगा न्यू जर्सीत घर घेत असेल तर त्याला तो झोन बघायला सांगा. स्वतः बघायचे कारण नाही. आपल्याकडे घराच्या विम्याला असला नकाशा लागत नाही, आणि १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पूर आणि जलमयता मुळातच धरलेली आहे. इतकी सोपी गोष्ट घेण्यात काय मजा?

तुमच्याकडे विमा आहेच, असे तुम्हाला वाटते. कर्ज घेताना बँकेने एक पॉलिसी गळ्यात मारली होती. ती फाइलमधून काढून वाचू नका. वाचलीत तर कळेल की ती तुमच्या जीवाची आहे. तुम्ही गेलात तर कर्ज फिटेल, घरात पाणी शिरले तर नाही. दुसरी एखादी खरोखर घराची निघालीच, तरी बहुधा फक्त इमारतीची असेल आणि भरपाईवर पहिला हक्क बँकेचा.

नवी घ्यायचीच वेळ आली तर रक्कम बाजारभावाने लिहायचा हट्ट धरा. फ्लॅट दोन कोटींचा, मग विमा दोन कोटींचा नको का? विमा कंपनी जमिनीचे पैसे देत नाही. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा खर्च एवढेच धरते. ६०० चौरस फूट आणि फुटाला ३,००० रुपये धरले तर १८ लाख झाले. सामानाला आपोआप त्याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार; ही आपोआपची मर्यादा १० लाखांपर्यंत. सोफा, कपाटे, फ्रिज, वॉशिंग मशीन त्यात बसवून बघा. बसले नाहीत तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. पण यादी करायला रविवार जातो. दागिने वेगळे नोंदवावे लागतात. भिंतीला वर्षानुवर्षे झिरपलेली ओल म्हणजे पूर नव्हे. 'यापूर्वी नुकसान झाले होते का?' या प्रश्नापुढे बिनधास्त 'नाही' लिहा. टाइल्स कमरेपर्यंत असल्या म्हणून काय झाले, नुकसान मोजायला येणारा कंपनीचा सर्वेअर काही वर बघत नाही.

खाली दुकान असेल तर वेगळी पॉलिसी आणि जास्त गंमत. २० लाखांच्या मालाचा हप्ता वाचवण्यासाठी १० लाखांचाच विमा काढा. दोन लाखांचा माल भिजला तर एकच लाख मिळेल, कारण तुम्ही अर्ध्याचाच विमा काढला होता. घराच्या पॉलिसीत ही कात्री लागत नाही, दुकानाला लागते.

शेवटी तो दिवस येतो. सकाळपासून मुसळधार, त्यात साडेचार मीटरच्या वरची भरती. पाणी चढताना फोटो काढू नका, हात ओले असतात. ते उतरले की पहिल्यांदा भिंतीवरची चिखलाची रेघ पुसून टाका. घरच्या पुराचा एवढा एकच खात्रीचा नकाशा असतो. मग गाद्या, फ्रिज, मिक्सर भंगारवाल्याला देऊन मोकळे व्हा. कंपनीला फोन नंतर, चहा घेऊन. सर्वेअर आला की त्याला कोरडी, डेटॉलने पुसलेली फरशी दाखवा आणि फ्रिज कोणता मॉडेल होता ते आठवून सांगा. बिले? ती खालच्या कप्प्यात होती.

गाडी स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, उभी होती ना? घराच्या पॉलिसीत वाहन येत नाही, तिचा विमा वेगळा. त्यातून पुराचे नुकसान मिळतेही. म्हणून आधी जाऊन स्टार्टर मारा, चालते का ते बघा. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्टचे जादा कव्हर घेतले नसेल तर तो खर्च तुमचा. टो व्हॅन बोलवण्यात कसला थरार?

दिवाळीत रंग काढा. ऑइल पेंट, गडद तपकिरी, कमरेपर्यंत. एप्रिलमध्ये घर बघायला लोक येतील.