शाळेचं नाव आणि मुलीचं म्हणणं

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघडकीस आलं आणि संतापलेल्या लोकांनी रेल्वे रोखली. त्यानंतर असं काही कानावर आलं की घरच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास पडतं: "खात्री नसताना पोलिसांत कशाला जायचं? शाळेचं नाव जातं." जर्मनीत बसून ते वाचताना चीड येते. त्याला जोडून कुणी म्हणतं, तुमच्याकडे कायदे कडक, आमच्याकडे कुठे?

उलट आहे. घडून गेलेल्या अत्याचाराची खबर देण्याची सक्ती इथे जर्मनीत प्रत्येक नागरिकावर नाही. आपल्याकडे पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 19 नुसार ती आहे, गुन्हा घडल्याचं कळलं तरी आणि घडेल अशी भीती वाटली तरी. घडलेला गुन्हा न कळवता गप्प बसलात तर कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्टच सांगितलं, की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे.

घोळ होतो तो शाळेच्या "अंतर्गत चौकशी"त. आधी वर्गशिक्षिका विचारते, मग मुख्याध्यापक, मग संस्थाचालक. दरवेळी मुलीच्या सांगण्यात थोडा फरक पडतो आणि पुढे कोर्टात बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. तोवर कपडे धुतलेले असतात, सीसीटीव्हीवर नवं चित्रण चढलेलं असतं. खात्री करणं हे शाळेचं कामच नाही. मूल बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून चार ओळींत लिहावं आणि त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठावं. माहिती लिहून घेऊन वाचून दाखवणं, नोंदीला क्रमांक देणं, 24 तासांत बालकल्याण समितीला कळवणं ही पोलिसांची जबाबदारी. क्रमांक घेतल्याशिवाय उठू नये.

आणि नाव जातं म्हणता? बर्लिनच्या कानिसिउस कोलेग या शाळेचे तेव्हाचे प्रमुख क्लाउस मेर्टेस यांनी 2010 मध्ये स्वतः माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून 1970-80 च्या दशकांतल्या अत्याचारांना वाचा फोडली. ती शाळा आजही भरते. इथे फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, मुलांना फुटबॉल शिकवणारेसुद्धा फ्युरुंग्सत्सॉयग्निस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीचा सरकारी दाखला, आणून देतात, कुणाचा अपमान होत नाही.

इथून बोलायला माझं काही जात नाही, हे खरं. गावातल्या शिक्षिकेची नोकरी संस्थाचालकाच्या मर्जीवर असते, त्याच्याच घरच्या लग्नाला तिला जायचं असतं. मला त्या गावात उद्या तोंड दाखवायचं नाही. सुट्टीत चार दिवस येणाऱ्याला तिथे कोण विचारतं? तरी ती शाळा मला परकी वाटत नाही, म्हणूनच राग येतो. त्या शिक्षिकेची भीती मला कळते. मुख्याध्यापकाची सबब कळत नाही. तिला ठाण्यात जायचा धीर होत नसेल तर 1098 किंवा 112 वर फोन करता येतो, आणि त्यासाठी संस्थेची परवानगी लागत नाही.